बिननावाचे फूल
फ्लॉक्स, औरंगाबादच्या बागा आणि पाणी

बाहेरून आलेल्या फुलाला मराठीत नाव मिळायचे तर त्याला आधी काही काम मिळावे लागते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तो दसऱ्याच्या तोरणात शिरला आणि इतका आपला झाला, की तो परका आहे असे सांगितले तर घरातली वडीलधारी माणसे विश्वास ठेवत नाहीत. निशिगंधही तिकडचाच, त्याला हारात आणि लग्नाच्या मांडवात जागा मिळाली आणि नावही असे मिळाले की जणू एखाद्या कवीने ठेवले असावे. देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिकेतून आला आणि त्याने आपल्या जुन्या सोनचाफ्याचे आडनाव लावले. गुलबक्षीने फारसीतून नाव आणले, मराठीने ते थोडे वळवून घेतले. काम म्हणजे पूजा, हार, वेणी, तोरण. आणि दुसरेही एक दार आहे, ते उपद्रवाचे. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले एक अमेरिकन तण काही वर्षांतच 'गाजरगवत' झाले, 'काँग्रेस गवत'ही झाले. जो त्रास देतो त्याला नाव द्यावेच लागते. शिवी द्यायलाही नाव लागते.

फ्लॉक्सने काम केले नाही आणि त्रासही दिला नाही. शंभराहून अधिक वर्षे हे फूल दख्खनच्या हिवाळ्यात फुलते आहे. छावण्यांच्या बंगल्यांपुढे फुलले, कचेऱ्यांच्या आवारात फुलले, सार्वजनिक बागांच्या गोल वाफ्यांत फुलले, आता गच्चीवरच्या कुंड्यांत फुलते. तरी त्याला मराठी नाव नाही. रोपवाटिकेत ते 'सीझनल'च्या रांगेत पिटुनिया, डायन्थस, व्हर्बिना यांच्या शेजारी बसलेले असते आणि विकणारा 'फ्लॉक्स' म्हणतो, घेणाराही 'फ्लॉक्स' म्हणतो. या नियमाला अपवाद आहेत हे मान्य. ॲस्टर हाराच्या बाजारात भरपूर कामाला लागला, तरी ॲस्टरच राहिला, जरबेराचेही तेच. पण ती फुले बाजारात उभी राहिली तोवर इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेण्याची आपल्याला सवय लागून गेली होती. फ्लॉक्सची गोष्ट निराळी आहे. त्याला माळता येत नाही, ओवता येत नाही, देवाला वाहण्याची रीत नाही. त्याचा देठ इतका आखूड की ते गुच्छातही जेमतेम टिकते. ते फक्त पाहायचे असते. नुसते पाहण्यासाठी फूल लावणे ही गोष्ट आपल्या अंगणात कधी आली आणि तिची किंमत काय, हा या लेखाचा विषय.

आधी या फुलाचा माणूस. वनस्पतिशास्त्रात याचे नाव 'फ्लॉक्स ड्रमंडाय'. 'फ्लॉक्स' हा ग्रीक शब्द, अर्थ ज्वाला. दुसरा शब्द थॉमस ड्रमंड या स्कॉटिश माणसाचा. हा काही विद्यापीठातला पंडित नव्हता. फॉर्फर गावात रोपवाटिका चालवायची आणि फावल्या वेळात शेवाळे गोळा करायची, हा त्याचा उद्योग. शेवाळांच्या वाळवलेल्या नमुन्यांवरूनच तो विद्वानांच्या नजरेत भरला. १८२५ ते १८२७ या काळात फ्रँकलिनच्या दुसऱ्या उत्तरेकडील मोहिमेत तो डॉ. रिचर्डसन यांचा मदतनीस होता. पुढे काही वर्षे त्याने बेलफास्टच्या वनस्पती उद्यानाचे काम पाहिले. १८३३ साली तो टेक्ससमध्ये उतरला. टेक्सस तेव्हा मेक्सिकोचा भाग होता आणि किनाऱ्यावर कॉलरा चालू होता. ड्रमंडलाही कॉलऱ्याने गाठले, तो वाचला. त्या वर्षी ब्राझोस नदीचा महापूर होता, खायचे वांधे होते. तरी दोनेक वर्षांत त्याने सुमारे साडेसातशे जातींच्या वनस्पती आणि दीडशे पक्षी गोळा केले. बायकामुलांना आणून टेक्ससमध्येच शेती करायची, असे त्याच्या मनात होते. १८३५च्या सुरुवातीला तो क्यूबाला गेला आणि मार्चमध्ये हवाना येथे मरण पावला.

त्याने पाठवलेल्या बियांतून ब्रिटनमध्ये फ्लॉक्स फुलला, तो त्याच वर्षी. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम हूकर यांनी त्याला ड्रमंडचे नाव दिले ते जाणूनबुजून, हा दुर्दैवी माणूस विसरला जाऊ नये म्हणून. म्हणजे ज्या फुलाला आपण नाव दिले नाही, त्याचे शास्त्रीय नाव हे एक छोटे स्मारक आहे. टेक्सस मेक्सिकोपासून फुटून निघाले ते त्यानंतर, १८३६ साली.

हे फूल वर्षायू आहे, म्हणजे एका हंगामाचे. टेक्ससच्या वालुकामय जमिनीत त्याचे बी शरदात रुजते, रोप थंडीत बसून राहते, वसंतात फुलते आणि उन्हाळा तापला की बी टाकून मरते. ब्रिटनमध्ये थंडी इतकी कडक, की तिथे त्याला उन्हाळी फूल व्हावे लागले: वसंतात पेरायचे, उन्हाळ्यात पाहायचे. इंग्रजी बियाण्यांच्या पाकिटावर पेरणीचा काळ मार्च-एप्रिल असाच असे. ते पाकीट जसेच्या तसे वाचून दख्खनमध्ये कोणी पेरणी केली असती, तर मे महिन्यात रोपांची राख झाली असती. इथे वेळापत्रक उलटावे लागले. पाऊस ओसरला की पेरायचे, डिसेंबर ते मार्च फूल पाहायचे. म्हणजे ब्रिटनमधून आलेले हे फूल मराठवाड्यात येऊन पुन्हा आपल्या मूळच्या पंचांगावर आले. रब्बी म्हणजे काय हे टेक्ससच्या त्या माळावरच्या बियाला आधीच ठाऊक होते. ज्वारी-हरभऱ्याची पेरणी आणि फ्लॉक्सची पेरणी आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी होते, हा योगायोग नव्हे. दोघांनाही ओसरता पाऊस आणि गार रात्री हव्या असतात.

हे फूल आले तेव्हा औरंगाबादच्या बागा कशा होत्या? इथल्या बागेचा इतिहास हा फुलांचा नसून पाण्याचा इतिहास आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. हे गाव डोंगरांच्या खोलगटीत. खाम नदी बारमाही भरवशाची नाही. त्याने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीने गावात आणले. पुढे अशा अनेक नहरी झाल्या. पाणचक्कीवर आजही पाहुणे पाहतात ते पाणी डोंगरातल्या उगमापासून मातीच्या नळांतून येते, उंचावरून हौदात पडते आणि त्याच्या जोरावर जाते फिरत असे. नहर गावात आली तेव्हा बाग आली. १६६६-६७ मध्ये हिंदुस्थानात फिरलेल्या तेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने औरंगाबादच्या बागांचे कौतुक केले आहे ते फळांसाठी. बाग म्हणजे फळझाडे, सावली, वाहते पाणी आणि उत्पन्न. फुले होती, पण ती गुलाब, मोगरा, जाई अशी, वासाची आणि अत्तराची.

हिमायतबाग याचा जिता पुरावा आहे. मुघल काळापासूनची ही बाग दिल्ली दरवाजाबाहेर, खिज्री तलावाजवळ आहे. त्या तलावाला आपण आता सलीम अली सरोवर म्हणतो. आज तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे आणि शेतकरी तिथून कलमे नेतात. राजवटी गेल्या, मालक बदलले, बागेचा धंदा मात्र तोच राहिला. मला ही बाग मकबऱ्याच्या बागेपेक्षा अधिक अस्सल वाटते, ती याच कारणाने.

मकबऱ्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १६६०च्या सुमारास दिलरास बानू बेगमसाठी बीबी का मकबरा बांधला गेला. दारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय या कारागिरांची नावे आहेत. भोवतीची बाग चारबाग: पाण्याच्या आणि वाटांच्या आखणीने चार भाग. अशा बागेत वाटा उंच आणि वाफे खोल असत. वाटेवरून चालणाऱ्याला फुलांचे शेंडे पायाशी गालिच्यासारखे दिसावेत आणि फळझाडांची सावली डोक्यावर यावी अशी योजना. आज आपण तिथे जातो तेव्हा हिरवळ दिसते, कातरलेली झुडपे दिसतात, इमारत दुरूनच मोकळी दिसते. ही नजर मुघलांची नव्हे. व्हाइसरॉय कर्झनच्या काळात ताजमहालाची दाट झाडी जाऊन हिरवळ आली, आणि इमारत हे चित्र, बाग ही तिची चौकट, ही समजूत देशभरच्या स्मारकांत पसरली. कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट या इंग्रज बाईंनी १९१३ साली मुघल बागांवर पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी आपल्याच लोकांच्या या आवडीवर टीका केली आहे. त्यांचे म्हणणे तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही.

फ्लॉक्ससारखी फुले या नव्या नजरेची फुले होती. त्यांचा मार्ग नहरीतून आला नाही, तो छावणीतून आला. खामच्या पलीकडे हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी होती. १८५७च्या जूनमध्ये इथल्याच घोडदळाने बंड केले, क्रांती चौकाचे नाव त्याचीच आठवण आहे. तेव्हा छावणी म्हटले की नुसत्या बागा आठवू नयेत. पण छावणी म्हणजे बंगला, आणि बंगला म्हणजे पुढचा गोल वाफा, हेही खरे. चार महिन्यांच्या थंडीत घराची आठवण देणारी फुले लावायची आणि मार्चअखेर ती मरू द्यायची, ही बदलीवर जगणाऱ्या माणसांची बाग होती. आंबा लावणाऱ्याला दहा वर्षे त्याच गावात राहायचे असते. फ्लॉक्स लावणाऱ्याला पुढच्या हिवाळ्याचीही खात्री नसली तरी चालते. नहरीची बाग आणि पाकिटाची बाग यांच्यातला फरक मला या एका गोष्टीत दिसतो.

पाकीट हा शब्द मी मुद्दाम वापरला. जिवंत रोपे समुद्रापार न्यायला काचेच्या पेट्या लागत. वर्षायू फुलांना कागदाची घडी पुरे. अडचण एकच होती, आपला पावसाळा. दमट हवेत बी लवकर मरते, म्हणून विलायती बियाणे बंद डब्यांतून येई. पुढे पुरवठा इथूनच होऊ लागला. पुण्यात पेस्तनजी पोचा यांची पेढी १८८४ पासून बियाण्यांच्या व्यवसायात आहे. मुंबईत भायखळ्याला नामदेव उमाजींची जुनी पेढी. कलकत्त्यात सटन कंपनीची शाखा. छापील सूचीतून नंबर निवडायचा, टपालाने मागवायचे. १९००च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे औरंगाबादवरून धावू लागली आणि हे गाव त्या टपालाच्या टप्प्यात नीट आले. ज्या शहरात बागेला शंभर वर्षांच्या नहरीची गरज होती, तिथे आता काही आण्यांच्या पाकिटात बाग मिळू लागली.

ही बाग प्रत्यक्ष लावणाऱ्याचे नाव मात्र पाकिटावरही नव्हते. इंग्रजी बंगल्यांसाठी लिहिलेल्या बागकामाच्या पुस्तकांत 'माळी' हा शब्द पदोपदी येतो, तो सांगितलेले ऐकणारा किंवा न ऐकणारा नोकर म्हणून. रेव्हरंड फर्मिंजर यांचे बागकामाचे पुस्तक १८६०च्या दशकात निघाले आणि अनेक आवृत्त्यांनी पुढे चालत राहिले. नंतरची सुधारणा पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या बर्न्स यांच्या हातची. पुस्तक कामाचे आहे यात शंका नाही. पण विलायती वेळापत्रक उलटवून दख्खनच्या मातीत बसवण्याचे काम हातांनी झाले, आणि ते हात माळ्यांचे होते. आपल्याकडे फुलांच्या धंद्याने आडनावे दिली आहेत. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवता पुरवता फुले झाले. त्या फुलांना दरबारात काम होते. फ्लॉक्स पिकवून कोणाचे आडनाव बदलले नाही.

आता मातीबद्दल, कारण या फुलाची खरी परीक्षा तिथे होते. वाळूच्या माळावरचे हे रोप. मराठवाड्याची काळी माती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते. तिच्यात फ्लॉक्सची मुळे कुजतात. औरंगाबादच्या बऱ्याच भागात काळ्या मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम आहे, ही शेतकऱ्याची तक्रार फ्लॉक्सला मात्र वरदान ठरते. कुंडीत एक भाग माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, आणि तळाचे भोक मोकळे, एवढे केले की निम्मे काम झाले. पेरणीची घाई करू नये. पितृपक्षात हवा अजून तापलेली असते. बियाला गारवा लागतो, साधारण पंधरा ते वीस अंश. दसऱ्याच्या आगेमागे पेरले तर दहा-पंधरा दिवसांत उगवते. बी अंधारात रुजते, म्हणून त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर हवाच. उघडे टाकलेले बी उगवत नाही आणि मग दोष बियाण्याच्या दुकानाला मिळतो. दिवाळीत रोपे चार-सहा पानांची होतात. मुळाशी माती ठेवून ती वीतभर अंतरावर लावायची, तीन-चार इंचांची झाली की शेंडा खुडायचा. शेंडा खुडताना जीव हळहळतो. पण न खुडलेले रोप एकाच काडीवर उभे राहते आणि लवकर संपते.

डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेव्हा फ्लॉक्स भरात असतो. सुकलेले झुबके काढत राहिले तर फुलणे लांबते. रोपे दाटीने लावली किंवा संध्याकाळी पानांवर पाणी मारले, की भुरी येते, पिठासारखी पांढरी. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशी. मार्चमध्ये ऊन चढले की पाने खालून पिवळी पडू लागतात. त्यावर उपाय नाही, शोधूही नये. वर्षायूला एप्रिलपर्यंत ताणणे म्हणजे नुसते पाणी वाया घालवणे.

आणि पाणी हा या शहराचा दुखरा विषय आहे. १९७०च्या दशकात सिडकोने इथे नव्या वसाहती वसवायला घेतल्या. रो हाउसपुढे हातभर मोकळी जागा आली आणि छावणीचा गोल वाफा मध्यमवर्गीय घरापुढे लांबट होऊन पोहोचला. त्याच दशकात पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले. शहराने नहरींकडे पाठ फिरवली आणि पन्नासेक किलोमीटरवरून वर चढवलेल्या पाण्यावर भिस्त ठेवली. आज कित्येक वस्त्यांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, कधी त्याहूनही उशिरा. डोंगरातून आपल्या वजनाने वाहत येणारे पाणी आपण बुजू दिले, नहरींवर घरे चढवली. अशा गावात नुसत्या पाहण्याच्या फुलाला रोज तांब्याभर पाणी घालावे का, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. मला तरी असे वाटते, की फ्लॉक्सच्या चार कुंड्यांपेक्षा बारा महिने भिजवली जाणारी हिरवळ कितीतरी जास्त पाणी पिते, आणि ती हिरवळ आपण सरकारी खर्चाने, कोणी न विचारता, राखतो. फ्लॉक्स पाणी मागतो ते थंडीत आणि टंचाई सुरू होण्याच्या आत मरतो. भाज्या आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणी त्याला चालते. साबणाचे चालत नाही.

गाजरगवताची आठवण इथे पुन्हा होते. तेही मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूचेच, म्हणजे फ्लॉक्सचा जवळपास गाववाला. त्याने कोणाची मदत घेतली नाही आणि बांधाबांधावर राज्य केले. फ्लॉक्सच्या कुळातली एकही वनस्पती आपल्या दख्खनच्या रानात मूळची नाही आणि हे फूलही रानात गेले नाही. मराठवाडा विद्यापीठातले व्ही. एन. नाईक यांनी १९९८ मध्ये मराठवाड्याच्या वनस्पतींची दोन खंडी नोंद प्रसिद्ध केली. अशा ग्रंथाचा मुख्य विषय स्वतःच्या पायावर उभी असलेली झाडे. फ्लॉक्स दर वर्षी माणसाच्या हाताने उभा राहतो. एका हिवाळ्यात शहरातल्या कोणीच पेरला नाही, तर पुढच्या हिवाळ्यात तो इथे नसेल. टेक्ससमध्ये मात्र तो रानटी आहे, रस्त्यांच्या कडेने मुद्दाम पेरलाही जातो. तिथे बहुतेक ठिकाणी त्याचा रंग फिकट निळा-जांभळा. पण पूर्वेकडे जिथे त्याची दुसरी एक बहीण-जात शेजारी वाढते, तिथे तो गडद लाल. रॉबिन हॉपकिन्स आणि मार्क राउशर यांनी २०१२ साली दाखवले, की या रंगामुळे फुलपाखरे दोन जातींत भेद करतात आणि वांझ संकर कमी होतात. आपल्या पाकिटातला पांढरा, गुलाबी, शेंदरी, डोळेवाला फ्लॉक्स हा माणसाने त्या रानातल्या रंगांतून निवडत नेलेला आहे. ताऱ्यासारख्या कातरलेल्या पाकळ्यांचा 'ट्विंकल' त्यातलाच.

घरचे बी धरायचे असेल तर फेब्रुवारीअखेर काही झुबके न खुडता ठेवावेत. बोंडे वाळली की तडकतात आणि बी दूर उडते, म्हणून पिवळट होताच त्यांवर जुन्या मलमलीची किंवा कागदाची पिशवी बांधावी. एका बोंडात साधारण तीनच बिया असतात, तेव्हा मूठभर बी जमायला पंधरा दिवस जातात. हे फूल स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही. शेजारच्या रोपाचा पराग लागतो आणि तो फुलपाखरे आणतात. त्यामुळे घरच्या बियातून आलेला रंग आईचाच असेल असे नाही. पहिल्या वर्षी शेंदरी होता तिथे पुढे गुलाबी येतो, मग मळकट जांभळा. दुकानातले पाकीट रंगाची हमी देते, घरचे बी देत नाही. बी सावलीत वाळवून कागदात गुंडाळावे, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कोरड्या जागी ठेवावे आणि पावसाळ्याचे चार महिने तो डबा उघडू नये. दसऱ्याला त्यातले निम्मे जरी उगवले तरी चार कुंड्यांना पुरते.